उधाणाच्या दिवशी या

तिवराचं झाड मारायला कुऱ्हाड लागत नाही. खाडीचं पाणी जिथून आत शिरतं त्या तोंडावर मातीचा भराव टाकला की काम झालं. तिवराची मुळं चिखलातून बोटभर वर येऊन श्वास घेतात आणि भरतीचं पाणी त्या चिखलातलं मीठ धुऊन नेतं. ते येणंजाणं थांबलं की चिखल आधी भेगाळतो, मग त्यावर पांढरी खपली धरते. पानं पिवळी पडतात. काही महिन्यांत उभ्या झाडांची करडी काटकं होतात, ती सरपणाला जातात आणि मोकळ्या झालेल्या जागेवर रात्री राडारोड्याचे डंपर यायला लागतात. त्यानंतर जो कागद तयार होतो त्यात लिहिलेलं असतं की सदर जागेवर कोणतीही वनस्पती आढळून आली नाही. ते खरंही असतं.

पर्यावरणाच्या जनहित याचिका चालवणं हे माझं रोजचं काम आहे. त्यात सर्वात जास्त वेळ कशात जातो असं कोणी विचारलं तर माझं उत्तर ऐकून लोक थोडे हिरमुसतात. त्यांच्या डोळ्यांसमोर भर कोर्टातला जोरदार युक्तिवाद असतो. माझा बहुतेक वेळ मात्र ‘इथे पाणी येत होतं’ एवढं एक वाक्य सिद्ध करण्यात जातो. झाड होतं हे दाखवायला जुने फोटो मिळतात, उपग्रहाची चित्रं मिळतात. पाणी दाखवायचं कसं? ते येतं आणि जातं. त्याची सातबाऱ्यावर नोंद नसते. सातबाऱ्यावर ती जमीन पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, असते, आणि हा शेरा वाचला की समोरच्या बाजूचा अर्धा युक्तिवाद तयार होतो.

वरून पाहिलं तर कायदा आपल्या बाजूला भक्कम उभा आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचं रक्षण हे राज्याचं धोरण आणि नागरिकांचं कर्तव्य म्हणून संविधानात आलं. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा यांना कलम २१ च्या जगण्याच्या हक्कात जागा दिली. त्याच वर्षी फेब्रुवारीत किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे आम्ही सगळे ज्याला सीआरझेड म्हणतो त्याची, पहिली अधिसूचना निघाली. आणि मग १९९६ चा डिसेंबर. कायद्याच्या विद्यार्थ्यांना मी हा महिना आवर्जून सांगते. ११ तारखेला किनाऱ्यावरच्या कोळंबी-शेतीविरुद्धचा जगन्नाथ खटल्याचा निकाल आला. १२ तारखेला गोदावर्मन प्रकरणात ‘वन’ म्हणजे शब्दकोशात जे वन आहे ते, मग मालकी कोणाचीही असो, असा आदेश झाला. १३ तारखेला बियास नदीच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की नद्या, किनारे, जंगलं यांचं सरकार मालक नाही, जनतेच्या वतीने विश्वस्त आहे. तीन दिवसांत तीन निकाल. आम्ही आजही जवळजवळ प्रत्येक याचिकेत यांतला एखादा तरी उद्धृत करतो.

महाराष्ट्रातल्या खारफुटीचं, म्हणजे खाडीकाठच्या तिवरासारख्या झाडांचं, कायदेशीर कवच मात्र मुंबई उच्च न्यायालयात तयार झालं. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपची याचिका तिथे चालू होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदीने शहर बुडवलं आणि खाडीकाठचा चिखल काय कामाचा असतो हे मुंबईला एका रात्रीत कळलं. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला न्यायालयाने अंतरिम आदेश दिला. राज्यभर खारफुटीची तोड बंद, तिच्यावर भराव टाकणं बंद, तिच्या भोवती पन्नास मीटरमध्ये बांधकाम बंद, आणि सगळ्या खारफुटीचे उपग्रहाच्या साहाय्याने नकाशे करा. अंतिम निकाल यायला १७ सप्टेंबर २०१८ उजाडला. न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती रियाझ छागला यांच्या खंडपीठाने त्यात लिहिलं की खारफुटीचा नाश हा कलम २१ खाली नागरिकांना मिळालेल्या हक्कांचा भंग आहे. जिथे जिथे खारफुटी आहे ती सगळी जागा सीआरझेड-१, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाचा वर्ग, मग जमीन सरकारी असो की खाजगी. आणि नष्ट झालेली खारफुटी पुन्हा उभी करणं ही सरकारची जबाबदारी.

तेरा वर्षं एका अंतरिम आदेशाने राज्याचा किनारा सांभाळला, याचं मला अजून नवल वाटतं. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०१३ च्या अहवालात महाराष्ट्रात खारफुटी १८६ चौरस किलोमीटर होती, २०२१ च्या अहवालात ३२४. या वाढीतला काही भाग चांगल्या उपग्रह-चित्रांचा असणार, हे मान्य. तरी मुंबईसारख्या शहराच्या कुशीत, जिथे वीतभर जागेसाठी माणसं भांडतात तिथे, हा आकडा घसरला नाही. यामागे तो आदेश आहे, २०१२ मध्ये स्थापन झालेला वनखात्याचा कांदळवन (खारफुटी) कक्ष आहे, आणि फोन करकरून तक्रारी नोंदवणारी खाडीकाठची माणसं आहेत.

आता त्या माणसांपैकी एकाबद्दल सांगते. रायगड जिल्ह्यातलं खाडीकाठचं गाव. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे. तिथले एक वयस्क कोळी, ज्यांना सगळं गाव नाखवा म्हणतं, आमच्या अर्जदारांपैकी एक. त्यांच्या वाडीमागच्या खाडीच्या फाट्यावर भराव पडला आणि आतली तिवरं सुकायला लागली. आम्ही अर्ज केला, संयुक्त स्थळपाहणीचा आदेश मिळाला, तहसील कार्यालयाकडून पाहणीची तारीख कळवणारं पत्र आलं. मी ते नाखवांना फोनवर वाचून दाखवलं. सकाळी अकरा वाजता, अमुक तारखेला. पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, “बाय, त्या दिवशी अष्टमी हाय. अष्टमीला येऊन काय बघशील? भांगाचं पानी हितवर चढतंच नाय.”

मी कोकणाशी नातं सांगणारी, पण पंचांग फक्त सणांसाठी उघडणारी. त्यांनी मला हिशेब समजावला. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला. अकरा-बाराला ओहोटी. वर अष्टमी म्हणजे भांग, भरती कमजोर. खाडीच्या वरच्या अंगाला पाणी भरावापर्यंतसुद्धा पोचणार नाही. त्या दिवशी अकरा वाजता अधिकारी आले असते तर भरावाच्या दोन्ही बाजूंना सारखाच कोरडा चिखल पाहून गेले असते, आणि ‘सदर ठिकाणी भरतीचे पाणी येत असल्याचे दिसून आले नाही’ असं प्रामाणिकपणे लिहून मोकळे झाले असते. त्या एका ओळीने आमचं प्रकरण तिथेच संपलं असतं.

“पुनव झाली का दुसऱ्या दिवशी, न्हाय तं बिजेला बोलव त्यांना,” नाखवा म्हणाले. “उधान असतंय. बिजेला दीडला भरती पुरी. जेवून या म्हनावं.”

सीआरझेडच्या अधिसूचनेत भरतीरेषेची व्याख्या आहे. तिचं सगळं गणित या रेषेवरून मोजलं जातं: किती मीटरच्या आत बांधकाम नको, कुठला पट्टा कोणत्या वर्गात. आणि ही रेषा म्हणजे उधाणाच्या भरतीला पाणी जमिनीवर जिथपर्यंत चढतं ती सर्वात वरची रेषा. उधाणाच्या. रोजच्या भरतीची नव्हे, भांगाची तर नव्हेच. ही व्याख्या मी किती याचिकांमध्ये टंकून घेतली असेल! पण स्थळपाहणीची तारीख त्या व्याख्येशी जुळवून मागावी, हे मला कोणत्या पुस्तकात किंवा कोणत्या ज्येष्ठ वकिलाकडून शिकायला मिळालं नव्हतं. नाखवांनी ती अधिसूचना कधी पाहिलेली नाही, आणि तिचा गाभा त्यांच्या बोटांवर आहे.

तारीख बदलून घ्यायला पत्रव्यवहार करावा लागला. अखेर द्वितीयेला दुपारी सगळे जमले. तलाठी, मंडळ अधिकारी, वनरक्षक, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे क्षेत्र अधिकारी, समोरच्या कंपनीचा माणूस, आम्ही. एक वाजता खाडीचा फाटा निम्मा भरला होता. मग पाणी डोळ्यांदेखत वर सरकायला लागलं. निवट्या चिखलावरून टणाटण उड्या मारत मागे हटत होत्या. सव्वा वाजता पाणी भरावाच्या पायथ्याला टेकलं. दीडच्या आधीच खाडीकडच्या बाजूला पाणी उभं होतं आणि भरावाच्या पलीकडे, पाच पावलांवर, भेगाळलेली जमीन आणि वाळकी तिवरं. प्रदूषण मंडळाचे अधिकारी तरुण होते. ते भरावावर उभे राहिले, एकदा उजवीकडे पाहिलं, एकदा डावीकडे, आणि वनरक्षकाला म्हणाले, “दोन्ही बाजू एकाच फोटोत येतील असा घ्या. वेळेसकट.” पंचनाम्यात तो फोटो आहे. पुढे सुनावणीला न्यायासनाने तो एकच फोटो बराच वेळ पाहिला आणि समोरच्या वकिलांना विचारलं की भराव कोणाच्या परवानगीने टाकला आहे.

समोरच्यांचं म्हणणं असं होतं की हा नवा भराव नाही, जुन्या खारबंदिस्तीची दुरुस्ती आहे. हा बचाव ऐकून शहरातल्या माझ्या सहकाऱ्यांना राग येतो. मला येत नाही, कारण कोकणात तो अनेकदा खरा असतो. आगरी शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या खाडीला बांध घालून खारी भातशेती केली आहे. त्या बांधांना उघाडी असते. तिच्यातून शेतातलं पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर जातं आणि भरतीचं आत येत नाही. या बांधांची देखभाल पूर्वी गाव मिळून करायचं. मग माणसं कारखान्यांत आणि बंदरांत कामाला गेली, बांध फुटले, सरकारी दुरुस्ती वेळेवर झाली नाही, आणि खारं पाणी शेतात घुसून तिथे तिवरं उगवली. आता त्या शेतकऱ्याने काय करायचं? त्याच्या आजोबांनी कसलेली जमीन निकालाच्या शब्दांत सीआरझेड-१ झाली. बांध दुरुस्त केला तर गुन्हा, नाही केला तर शेत गेलं. पेण-अलिबागच्या बाजूला अशी माणसं मला भेटली आहेत, आणि माझ्या तोंडावर म्हणाली आहेत की तुमच्या कोर्टाने झाडाला वाचवलं आणि आम्हाला बुडवलं.

त्यांच्या रागात तथ्य आहे. ज्यांचा बांध सरकारच्या दुर्लक्षाने फुटला त्यांना भरपाई मिळायला हवी, शेतात आलेल्या खारफुटीचा मोबदला मिळायला हवा, आणि हे मागणं पर्यावरणवाद्यांनीच पुढे होऊन मागायला हवं, असं मला मनापासून वाटतं. नाहीतर जुन्या खारबंदिस्तीच्या नावाखाली कंटेनर-यार्ड उभं करणारा आणि दोन एकर भात वाचवू पाहणारा हे दोघं एकाच बाकावर येऊन बसतात, आणि फायदा पहिल्याचा होतो. नाखवांच्या फाट्यावर हा प्रश्न सुटायला एक साधी गोष्ट उपयोगी पडली: खारबंदिस्तीला उघाडी असते, या भरावाला नव्हती. शेतीचा बांध आणि जमीन लाटण्याचा भराव यांत एवढा फरक उघड दिसतो, फक्त तो विचारणारा तिथे पाहिजे.

खाडीवर जगणाऱ्यांचा हक्क हा नुसता भावनेचा विषय नाही, हे उरणच्या मच्छीमारांनी दाखवून दिलं. जेएनपीटी बंदराच्या विस्तारासाठी झालेल्या भरावाने खाड्यांची तोंडं बुजली, खारफुटी गेली, मासेमारी बसली, म्हणून रामदास जनार्दन कोळी आणि त्यांचे सहकारी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातल्या पीठाकडे गेले. २७ फेब्रुवारी २०१५ च्या निकालात न्यायाधिकरणाने जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसी यांना मिळून १,६३० मच्छीमार कुटुंबांसाठी ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई ठरवून दिली. त्या निकालातली मला सर्वात मोलाची वाटणारी बाब रकमेची नाही. खाडीत पिढ्यानपिढ्या होडी घालणाऱ्यांचा, कुठल्याही उताऱ्यावर नसलेला पारंपरिक हक्क तिथे हक्क म्हणून मोजला गेला. त्याआधी असल्या माणसांना ‘बाधित’ ठरवायलासुद्धा सरकारी व्याख्येत जागा नसायची.

हरित न्यायाधिकरणाचा कायदा २०१० चा. त्याने दार उघडलं आणि दारावर घड्याळही लावलं. पर्यावरण-मंजुरीविरुद्ध अपील करायचं तर तीस दिवस, आणि कारण पटलं तर आणखी साठ. त्यापुढे एक दिवसही नाही. इतर बहुतेक तक्रारींना सहा महिने, वर साठ दिवस. खाडीकाठच्या माणसाला मंजुरीचा पत्ता लागतो तो बहुतेक वेळा पोकलेन येऊन उभा राहिल्यावर. मंजुरी संकेतस्थळावर इंग्रजीत पडलेली असते आणि तिची जाहिरात कुठल्यातरी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर. मग आमच्याकडे येतात तेव्हा मुदत संपत आलेली असते, आणि माहितीच्या अधिकारातल्या उत्तराला अजून तीस दिवस असतात. कितीतरी चांगली प्रकरणं गुणवत्तेवर नाही, या घड्याळावर हरलेली आहेत. ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांच्या भाषेत, त्यांच्या चावडीवर मंजुरीची प्रत लागल्याशिवाय मुदत मोजायला सुरुवातच होऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

गावात राहून अर्जदार होणं किती जड असतं हे शहरातून कळत नाही. मी सुनावणी संपवून घरी जाते. नाखवांच्या पुतण्याचा ट्रॅक्टर त्याच भरावाच्या कंत्राटावर होता. पंधरा दिवसांत त्याला कामावरून काढलं. एका अर्जदाराच्या बायकोने मला फोन करून रडत सांगितलं होतं, ताई, आमचं नाव तेवढं काढा. काढलं. काढायलाच हवं होतं. म्हणून संस्थांनी पुढे होणं गरजेचं असतं. जनहित याचिकेची मूळ कल्पनाच ही आहे की ज्याला दार ठोठावणं परवडत नाही त्याच्यासाठी दुसऱ्या कोणी ठोठवावं.

मिळालेलं टिकतं का? २०१८ च्या निकालात एक वाट ठेवलेली आहे: खरोखर सार्वजनिक हिताचं काम असेल तर उच्च न्यायालयाची परवानगी घेऊन खारफुटी तोडता येते. ती वाट असायलाच हवी, पूल आणि विजेच्या तारा कुठून तरी जाणारच. पण डिसेंबर २०२२ मध्ये बुलेट ट्रेनसाठी सुमारे २२ हजार खारफुटीची झाडं तोडायची परवानगी त्याच वाटेने मिळाली. प्रत्येक अर्जासोबत इतरत्र लागवडीचं आश्वासन येतं. लागवड होतेही. पण खाडीकाठची परिपक्व तिवरं आणि दुसऱ्या तालुक्यात ओळीने खोचलेली रोपं ही एकमेकांच्या बदल्यात मोजायची गोष्ट नव्हे. पुराचं पाणी इथे अडणार होतं, चिंबोऱ्या इथल्या बायकांना मिळणार होत्या.

दिल्लीतही तेच. मंजुरी न घेता प्रकल्प उभारायचा आणि नंतर मंजुरी घ्यायची, ही पद्धत मुंबईच्या वनशक्ती संस्थेच्या याचिकेवर १६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढली. निकाल न्यायमूर्ती ओकांचाच, निवृत्तीच्या आठवडाभर आधीचा. त्या संध्याकाळी आम्ही एकमेकांना फोन केले होते. नोव्हेंबरमध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक मतांनी तो निकाल मागे घेतला. न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांनी भिन्नमत लिहिलं. तेही आता आमच्या कपाटात आहे, कारण भिन्नमतं पुढच्या पिढीच्या कामाला येतात. पण पुढची पिढी येईपर्यंत भराव थांबत नाही.

अशा वेळी मला फाट्यावरचं काम धीर देतं. तिवराची एक गोष्ट फार चांगली आहे: त्याला लावावं लागत नाही. पाणी मोकळं केलं की भरतीबरोबर त्याच्या बिया आपोआप येतात, चिखलात बसतात, रुजतात. वृक्षारोपणाचे कार्यक्रम, फलक, पाहुणे, काही नको. तोंड मोकळं करा आणि मध्ये येऊ नका. म्हणून आमच्या अर्जात रोपांची मागणी नव्हती. भराव काढा, एवढंच होतं.

आदेश मिळाला. काही आठवड्यांनी पूर्ततेचा अहवाल आला: ‘अडथळा दूर करून पाण्याचा प्रवाह पूर्ववत करण्यात आला आहे.’ सोबत फोटो. मी तो नाखवांना व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यांचा फोन आला तो रागाचा होता. भराव जागच्या जागी आहे, त्याच्या पोटातून एक ह्यूम पाइप टाकला आहे. उधाणाला पाणी पाइपातून आत येतं, पण पाइप तळापेक्षा हातभर वर बसवलेला, त्यामुळे ओहोटीला सगळं बाहेर जात नाही. आत डबकं साचतं. तिवराची मुळं बुडून राहिली तरी झाड गुदमरून मरतं. आधी कोरडं मारलं, आता ओलं मारतील, असं ते म्हणाले.

तेव्हा पुन्हा अर्ज. पूर्ततेचा अहवाल नामंजूर करावा. फाट्याची जुनी रुंदी मोजून तेवढा भराव खाडीच्या तळापर्यंत काढावा. आणि पाणी आत येतं का, तसंच बाहेर जातं का, हे दोन्ही स्थानिक मच्छीमारांच्या समक्ष पाहावं, एकदा पूर्ण भरतीला आणि एकदा पूर्ण ओहोटीला. स्थळपाहणीच्या मागणीत या वेळी तिथीही लिहिली आहे. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे.